नजर कुठं ठेवायची?

माझ्या नजरेबद्दल आजवर पुष्कळांनी तक्रारी केल्या आहेत. शाळेत मास्तर म्हणत, "फळ्याकडे बघ, खिडकीबाहेर तुझा बाप नाचत नाहीये." जेवताना आई म्हणे, "दुसऱ्याच्या ताटात बघू नये." मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी बजावले, "सारखा पोह्यांकडे बघू नकोस." बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी हेडकॅशियरनी सांगितले, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, नोटेकडे बघायचं. तोंड खोटं असलं तरी चालतं." एकूण, कुठे बघू नये याचे शिक्षण मला भरपूर मिळाले. कुठे बघावे हे मात्र सेहेचाळिसाव्या वर्षी, एका मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ताशी भाडे भरून शिकावे लागले.

सगळा दोष दुसऱ्या शनिवारचा. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुटी मिळाली तेव्हा आम्ही शाखेत पेढे वाटले होते. या सुटीचे करायचे काय, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. आमच्या घरी तो सौ.ने केला होता. गेली कित्येक वर्षे मी दर दुसऱ्या शनिवारी माळ्यावर चढतो आणि तिथल्या वस्तू उजवीकडून डावीकडे ठेवतो. चौथ्या शनिवारी त्या डावीकडून उजवीकडे ठेवतो. अशाच एका शनिवारी मी स्टुलावर उभा असताना भाचा आला आणि खालून म्हणाला, "मामा, उतर. चल, पूल खेळायला जाऊ."

आता पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला पूल म्हटले की लकडी पूल आठवतो, फार तर पाण्याखाली गेलेला भिडे पूल. पूल ओलांडतात, पुलावर गाडी अडकते. पूल खेळतात कसा? भाच्याने समजावून सांगितले. टेबल असते, नऊ फूट बाय साडेचार. त्यावर हिरवे कापड, सहा पॉकेटे, एक ते पंधरा आकड्यांचे रंगीत चेंडू आणि एक पांढरा. काठीने पांढऱ्याला मारायचे, पांढऱ्याने रंगीताला मारायचे, रंगीताने पॉकेटात जायचे.

"म्हणजे कामाची जबाबदारी खालच्याच्या खालच्यावर," मी म्हणालो. पद्धत ओळखीची वाटली. स्टुलावरून उतरलो.

त्या काठीला क्यू म्हणतात हे ऐकून मात्र माझा चेहरा पडला असावा. आठवड्याचे पाच-सहा दिवस ज्या वस्तूपासून मी काचेआड दडून बसतो, तीच इथे हातात घ्यायची! (घरी येऊन शब्दकोश पाहिला. रांगेचा क्यू आणि काठीचा क्यू, दोन्ही एकाच फ्रेंच शब्दाची पोरे आहेत आणि त्या शब्दाचा अर्थ शेपूट. बँकेच्या रांगेला हे नाव देणाऱ्याने आमच्या शाखेतली पेन्शनची रांग नक्की पाहिली असणार.) डाव्या हाताचा पंजा टेबलावर टेकून, अंगठा वर करून, त्या खाचेतून क्यू पुढेमागे सरकवायचा. पंजाच्या त्या आकाराला ब्रिज म्हणतात. म्हणजे पूल खेळायला आधी पूल बांधावा लागतो. माझा पूल पहिल्याच फटक्याला कोसळला आणि क्यूचे टोक कापडात घुसता घुसता राहिले.

"कापड फाटलं तर भरून द्यावं लागेल, अंकल," गल्ल्यावरचा मुलगा मान वर न करता म्हणाला.

दुसरा फटका बरा गेला, म्हणजे पांढरा चेंडू निदान टेबलावर राहिला. पण तो ज्या पिवळ्या चेंडूला लागायचा होता, त्याच्यापासून वीतभर अंतर राखून, परपुरुषाच्या शेजारून जाणाऱ्या सोवळ्या बाईसारखा निघून गेला. आणि मग सल्ले सुरू झाले.

क्रिकेट आणि सर्दी या दोन गोष्टींवर आपल्याकडे कोणीही सल्ला देतो हे मला ठाऊक होते. पूल ही तिसरी. शेजारच्या टेबलावरचा, हातभर गोंदवून घेतलेला मुलगा म्हणाला, "पांढऱ्याकडे बघा. क्यू त्याला नीट नाही लागला तर पुढचं सगळं बेकार." त्याचा जोडीदार म्हणाला, "छे, पॉकेटकडे बघायचं. बॉल तिथं जायचाय ना?" तिसरा म्हणाला, "काठीकडे बघा, सरळ जाते का." माझा भाचा मात्र सुशिक्षित. त्याने खेळायच्या आधी फोनवर पुष्कळ पाहिलेले असते. तो म्हणाला, "मामा, यांचं ऐकू नकोस. तू भुताकडे बघ."

"कोणाकडे?"

"घोस्ट बॉल. हे बघ, पिवळा पॉकेटमध्ये जायचा असेल तर पांढरा त्याला कुठं टेकला पाहिजे? पॉकेटपासून पिवळ्याच्या मध्यातून एक रेघ ओढ, ती मागे वाढव. त्या रेघेवर, पिवळ्याला चिकटून, एक पांढरा चेंडू आहे असं समज. तो घोस्ट. तुझा पांढरा बरोब्बर त्याच्या जागी पोचला पाहिजे."

"पण तिथं काहीच नाही."

"तेच तर. तिथंच बघायचं."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. बारावीनंतर शास्त्र शाखेची मुले आम्हाला हसत, की तुम्हाला हवेतले काही कळत नाही. त्यांना काय ठाऊक? आम्हाला दुसऱ्याच वर्षी गुडविल शिकवतात. दुकान असते, माल असतो, फर्निचर असते, आणि यांपैकी काहीच नसलेली, हाताला न लागणारी एक मालमत्ता ताळेबंदात लाखांनी मांडलेली असते. तेव्हा नसलेल्या चेंडूकडे बघायला मला तात्त्विक अडचण नव्हती. अडचण अशी झाली की मी ते भूत पाहिले, नीट पाहिले, आणि खाली वाकून क्यू मागे ओढला तेवढ्यात ते गायब झाले. मग ते कुठे गेले म्हणून पॉकेटकडे पाहिले, क्यू सरळ आहे ना म्हणून क्यूकडे पाहिले, पांढऱ्याकडे पाहिले, आपल्याला कोण कोण बघतेय हे पाहिले, आणि मारले. आठ नंबरचा काळा चेंडू गडगडत जाऊन कोपऱ्यात पडला. एट-बॉलच्या खेळात काळा सर्वांत शेवटी घालायचा असतो. आधी पडला तर तुम्ही हरलात. माझा पहिला डाव अशा रीतीने चार मिनिटांत आटोपला, आणि तासाचे भाडे मात्र तासाचेच राहिले.

हे सगळे एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी एका जुन्या क्लबात तीस वर्षे मार्कर म्हणून नोकरी केली. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मांडणारा, चेंडू परत जागेवर ठेवणारा, क्यूला खडू लावून देणारा, आणि साहेब लोकांचा जोडीदार आला नाही तर त्यांच्याशी खेळून, बेताने हरणारा माणूस. क्लबातून निवृत्त झाल्यावर ते इथे टेबलांची निगा राखतात. कापडावर ब्रश फिरवताना त्यांचा हात पाहावा. माझी आजी अशा हाताने आमच्या डोक्याला तेल लावी.

पूल या खेळाला चाचा मनातून खेळ मानत नाहीत. "अमेरिकेतला आहे," ते म्हणतात. यापलीकडे त्यांना पुरावा लागत नाही. त्यांचे प्रेम स्नूकर-बिलियर्ड्सवर. स्नूकर आपल्याकडचाच, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत पावसाळ्यात कंटाळलेल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तो काढला, असे सर्वमान्य आहे. (पुढे पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा. त्याने काढले ते वेगळेच.) आणि विल्सन जोन्स तर आपल्या पुण्यात जन्मलेला माणूस. १९५८ साली त्यांनी कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद जिंकले, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकले. मग मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७ मध्ये. ही नावे चाचा हाजी लोकांची नावे घ्यावीत तशी घेतात. पुण्यातल्या कुठल्याही चौकात उभे राहून मी विल्सन जोन्स कोण, असे विचारले तर दहातले नऊ जण शेविंग क्रीमची कंपनी सांगतील.

चाचा उठले आणि माझ्याजवळ आले. "साहेब, पांढऱ्याला घाबरता कशाला? तो तुमच्यासमोर आहे. पळून जाणार आहे का? अंदाज घेताना त्याला बघा, दोनदा, चारदा. क्यूचं टोक कुठं लागणार ते पक्कं करा. मग नजर उचला, ज्याला मारायचंय त्याच्यावर ठेवा, आणि मारेपर्यंत तिथून काढू नका. शेवटची नजर रंगीतवर. मारल्यावर पांढरा कुठं जातो ते बघायला तर मान अजिबात उचलायची नाही. हां, चेंडू फोडताना किंवा पांढरा कुशनला चिकटलेला असला तर गोष्ट वेगळी, तेव्हा शेवटी पांढरा."

मी ऐकले आणि माझे हात थांबले. हे वाक्य मी आधी ऐकले होते. शब्द वेगळे होते, एवढेच.

आमच्या वाड्यात गणपतीच्या दहा दिवसांत कॅरमच्या स्पर्धा होत आणि त्या आमचे अण्णा जिंकत. अण्णा कारकून होते, माझ्यासारखेच. घरात, ऑफिसात, मंडईत, कुठेही त्यांचा आवाज कोणी ऐकला नसेल. पण कॅरमबोर्डसमोर मांडी घालून बसले की निराळेच होत. पावडर फुंकत, बोटाच्या नखाने स्ट्रायकर टिचकावत, आणि समोरच्याची नववी सोंगटी उरली असताना राणी कव्हरसकट घेऊन उठत. मला शिकवताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. "स्ट्रायकर तुझ्या बोटाखाली आहे. तो कुठं जातोय? सोंगटीकडे बघ." मी तेव्हाही स्ट्रायकरकडे, राणीकडे आणि वाड्यातल्या जिन्यात उभ्या असलेल्या प्रेक्षकांकडे आळीपाळीने बघत असे.

त्यानंतर दुसरा-चौथा शनिवार माळा सोडून मी वरच्या मजल्यावर जाऊ लागलो. सौ.ला सांगितले, की भाच्याला चांगली संगत हवी. भाच्याने आपल्या आईला तेच माझ्याबद्दल सांगितले होते, हे नंतर कळले.

भाच्याने मला एकदा एक मजेदार माहिती वाचून दाखवली. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जोन विकर्स नावाच्या बाईंनी खेळाडूंचे डोळे कुठे आणि किती वेळ थांबतात, हे यंत्र लावून मोजण्यात पुष्कळ वर्षे घालवली. मुरलेला खेळाडू हालचाल सुरू करायच्या आधी लक्ष्यावर नजर टेकवतो आणि नवशिक्यापेक्षा जास्त वेळ टेकवून ठेवतो. नवशिक्याची नजर भिरभिरते. बाईंनी या टेकवलेल्या नजरेला 'क्वाएट आय' म्हटले आहे. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांवरही असे प्रयोग झाले. फटका जितका अवघड तितकी ही नजर लांबते, असे दिसले. शांत डोळा! आमच्या घरात ते यंत्र माझ्या डोळ्यांना लावले तर पहिल्या पाच मिनिटांत त्याचा कागद संपेल.

पण सवयीने थोडी थोडी प्रगती होत होती. तीनातला एक चेंडू आत जाऊ लागला. आणि त्याच सुमारास चाचा एकदा म्हणाले, "साहेब, एक विचारू? रागावू नका. तुम्ही पॉकेट बघायला डोळे फिरवत नाही. पूर्ण मुंडी फिरवता."

मी हसलो. पण त्या दिवशी एकही चेंडू आत गेला नाही.

कारण मुंडी फिरवायची सवय अण्णांचीच. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत ते कॅरमला बसले की कोपऱ्यातल्या पॉकेटाकडे बघायला चिमणीसारखी अख्खी मान वळवत. मग मध्येच म्हणत, "राणी कुठं आहे, सांग बघू?" आम्ही मुले चढाओढीने बोट दाखवायचो. आम्हाला वाटे, अण्णा आमची परीक्षा घेताहेत. पानात डाव्या बाजूला वाढलेले मीठ ते दुसऱ्यांदा मागत, तर आई म्हणे, लक्ष कुठे असते यांचे. एकदा वाड्याच्या दारात उभ्या असलेल्या स्कूटरवर ते सरळ चालत गेले. मग डॉक्टरकडे नेले. काचबिंदू होता, आणि पुष्कळ जुना. त्यात डोळा कडेकडेने जातो. मधले दिसत राहते, त्यामुळे माणसाला वाटते, आपले सगळे ठीक आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी थेंब घालून सांभाळता येते. अण्णांनी ती सांभाळली. बोर्डाच्या मधोमध असलेली सोंगटी ते शेवटपर्यंत मारत, आणि ती पॉकेटात पडली की नाही हे आवाजावरून सांगत. कधीही चुकले नाहीत.

हा आजार रक्तातून येऊ शकतो, चाळिशीनंतर दरवर्षी डोळे दाखवा, असे त्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितले होते. मी चाळीस ओलांडून सहा वर्षे झाली होती. बँकेत के.वाय.सी. वेळेवर दिली नाही म्हणून लोकांना फोन करून करून मी हैराण करतो. आणि स्वतःचे हे एवढे के.वाय.सी. सहा वर्षे थकवले होते. वेळ मिळाला नाही, असे मी म्हणत असे. वेळ होता. माळा साफ करीत होतो.

चाचांनी टोकल्यावरही मी गेलो नसतो. पण पुढच्याच आठवड्यात नोव्हेंबर लागला. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे सांगायला माणसे इतक्या लांबून, इतका दम लागत येतात, की सांगेपर्यंत दाखला खोटा ठरतो की काय अशी भीती वाटते. रांग दाराबाहेर गेली होती. एका आजोबांनी पैसे काढायची स्लिप सरकवली. मी एक डोळा स्लिपवर, एक रांगेवर, आणि असता तर तिसरा घड्याळावर ठेवून आकडा टाकला, आठ हजार मोजून दिले. संध्याकाळी रोकड पैशापर्यंत जुळली. जुळणारच, खात्यातून आठ हजार गेले होते आणि पेटीतूनही आठच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर होताच आजोबा काउंटरशी. "मी तीन मागितले होते. तुम्ही आठ दिलेत. घरी जाऊन मोजले." मी स्लिप काढली. चष्मा कपाळावर सरकवून, नाकाजवळ धरली, तर तीन. थरथरत्या हाताने काढलेला, पोट जरा जास्त वळलेला, पण तीन. आणि खाली अक्षरी, स्वच्छ, 'तीन हजार फक्त'. आकड्याबरोबर अक्षर वाचायचे, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"पैसे माझेच आहेत हो," आजोबा म्हणाले, "बुडाले असं काही नाही. पण म्हटलं, उद्या दुसऱ्या कोणाचं कराल. डोळ्यांना दाखवा एकदा." आणि पाच हजार परत भरायला पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. मी बोलावले तरी आले नाहीत.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो ते हात गार करूनच. आधी हनुवटी टेकवून डोळ्यातले प्रेशर मोजले. ते साधारण दहा ते एकवीसच्या मध्ये असावे लागते. माझे एका डोळ्यात वीस आणि दुसऱ्यात बावीस निघाले. आजकाल कुठल्या ठेवीवर बावीस दिसत नाही आणि इथे नको असताना मिळाले. मग डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकून मागची नस बरीच वेळ पाहिली. त्या "हं" म्हणाल्या. माझ्या अनुभवात मॅनेजर 'हं' म्हणाला की बदली होते.

"फील्ड टेस्ट करून घेऊ," त्या म्हणाल्या.

ही टेस्ट ज्याने काढली तो पूल खेळत असावा. एका अंधाऱ्या खोलीत, आतून पांढऱ्या अशा मोठ्या पातेल्यासमोर बसवतात. एक डोळा बांधतात, हनुवटी टेकवायला सांगतात, हातात एक बटण देतात. पातेल्याच्या मधोमध पिवळा दिवा असतो. त्याच्याकडेच बघायचे. आजूबाजूला कुठेही पांढरा ठिपका चमकला की तिकडे न बघता बटण दाबायचे.

"काका, नजर पिवळ्यावर. पांढऱ्याच्या मागे जायचं नाही," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

पांढऱ्याच्या मागे न जाणे मला कधी जमले आहे? पहिला ठिपका वर डावीकडे चमकला, मी तिकडे गेलो. दुसरा खाली चमकला, तिथे पोचेपर्यंत विझला. मग बराच वेळ काहीच दिसेना, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ठिपका चमकत नाहीये की चमकतोय आणि मला दिसत नाही? अण्णांना असेच होत असेल का? म्हणून मी पातेलेभर ठिपके शोधत हिंडलो, आणि खात्रीसाठी दिसत नव्हते तेव्हाही बटण दाबले. यंत्राला हे सगळे कळते. नजर किती वेळा हलली याचाही ते हिशेब ठेवते. मुलीने कागद काढून पाहिला आणि म्हणाली, "काका, हे धरता येणार नाही. तुम्ही मध्ये बघितलंच नाही. पंधरा मिनिटं बाहेर बसा, पुन्हा करू."

बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक आजी डोळ्यात थेंब घालून, मान मागे टेकून बसल्या होत्या. भिंतीवर डोळ्याचे चित्र होते, तेही माझ्याकडे बघत होते. काय करावे सुचेना म्हणून मी समोरच्या दारावरचा एक खिळा पक्का केला आणि तो पिवळा चेंडू समजून त्याच्याकडे बघत बसलो. शेवटची नजर रंगीतवर. पांढरा कुठे का जाईना. स्ट्रायकर तुझ्या बोटाखाली आहे. आजींना वाटले, मी त्यांच्या पर्सकडे बघतोय. त्यांनी ती मांडीवर घेतली.

दुसऱ्यांदा मी पिवळ्यावरून हललो नाही. ठिपके आले आणि गेले. दिसला की दाबले, नाही दिसला तर नाही दाबले. डोळ्यातून पाणी येऊ लागले तरी पापणी लवू दिली ती मोजूनमापून.

डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. "फील्ड स्वच्छ आहे. आत्ता काचबिंदू म्हणणार नाही मी. पण प्रेशर काठावर आहे, नस थोडी संशयास्पद, वडिलांचा इतिहास. दर सहा महिन्यांनी यायचं. नक्की यायचं."

"पण मी मान वळवून बघतो, त्याचं काय?"

त्यांनी माझा चष्मा हातात घेतला. कॉलेजात फॅशन होती तेव्हापासून मी तसलीच, आगपेटीच्या काडीएवढ्या उंचीची फ्रेम वापरतो. "एवढ्याशा काचेतून बघायचं म्हणजे मान वळवावीच लागणार. आणि तुम्हाला वाचायला दीड नंबर लागलाय, कधीचाच. तीन आणि आठ कसे ओळखता?"

मी काही बोललो नाही.

चष्मा हे पूलवाल्यांचे जुने दुखणे आहे, हे मला भाच्याकडून कळले. खाली वाकले की नजर भिंगाच्या वरच्या कडेतून जाते. फ्रेम लहान असेल तर अर्धा चेंडू काचेतून दिसतो आणि अर्धा काचेवरून, आणि दोन अर्धे जुळत नाहीत. उत्तर आयर्लंडच्या डेनिस टेलरने त्यावर मोठ्या भिंगांचा, उलटा घातल्यासारखा दिसणारा, कपाळापर्यंत चढलेला चष्मा बनवून घेतला होता. तो घालून १९८५ साली शेफील्डला तो जगज्जेतेपदाची अंतिम लढत खेळला. समोर स्टीव्ह डेव्हिस. टेलर सुरुवातीला आठ-शून्यने मागे होता. शेवटी सतरा-सतरा झाले, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर तो जिंकला. विलायतेत एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसे त्या वेळी टीव्हीपुढे जागी होती. मी हे चित्र चष्म्याच्या दुकानात दाखवले आणि असाच हवा म्हणालो. दुकानदाराने फोनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "नाटकात काम करता का?"

शेवटी त्याने माळ्यावरून एक जुन्या घडणीची, रुंद, जाड काळी फ्रेम काढली. वर लांबचे, खाली वाचायचे. घालून आरशात पाहिले, तर आत अण्णा. मी किंमत न करता पैसे दिले. सौ. घरी म्हणाली, "अगदी मामंजी!" आणि आत जाऊन चहा ठेवला, एरवी त्या वेळी मिळत नाही.

मग चौथा शनिवार आला. भाचा आणि मी एट-बॉल खेळत होतो. त्याचे दोन चेंडू उरले होते आणि माझा फक्त काळा. हे आजवर कधी घडले नव्हते. काळा दूरच्या कोपऱ्याजवळ, जरा तिरपा. सोपा नव्हे, अगदी अवघडही नव्हे. गोंदवलेला मुलगा क्यू टेकून बघायला थांबला. गल्ल्यावरच्या मुलाने मान वर केली. एरवी मी या सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतले असते.

वाकलो. भिंगाची वरची कड दोन्ही चेंडूंच्या बरीच वर होती. पांढऱ्याकडे पाहिले, क्यू चारदा पुढेमागे केला. मग नजर उचलली आणि काळ्यावर ठेवली. त्यावरचा आठचा आकडा इतका स्पष्ट, की तीन म्हणण्याची सोय नव्हती. क्यू मागे गेला, किंचित थांबला, पुढे आला. मी बघत राहिलो. काळा हलला, कोपऱ्याच्या दिशेने निघाला आणि आत पडला. अण्णा ऐकायचे तसला आवाज आला.

मी तसाच वाकलेला. मान उचलली नाही. मग आणखी एक, तसलाच आवाज आला.

"मामा," भाचा म्हणाला, "पांढरा पण गेला."

काळ्याबरोबर पांढराही पडला तर डाव हरतो. तो कसा गेला, कुठल्या पॉकेटात गेला, मला ठाऊक नाही. मी पाहिलेच नाही. मी चाचांकडे वळून बघितले. ते खुर्चीवरून उठले, टेबलापाशी आले, दोन्ही चेंडू बाहेर काढून कापडावर ठेवले आणि ब्रश हातात घेतला.

"नजर बरोबर होती, साहेब. फार जोरात मारलंत," ते म्हणाले, आणि गल्ल्यावरच्या मुलाला ओरडले, "यांचा एक तास झाला रे!"